आचाऱ्याचा अर्धा र

१. हरवलेला माणूस

“ताई, या कागदात मी होतो म्हणतात. आता नाही. कुठे गेलो, तेवढं बघून सांगता?”

असं म्हणून पांडुरंगरावांनी चार घड्या घातलेला कागद टेबलावर ठेवला, तेव्हा उषाताई धुमाळ मल्हाररावांची करंगळी धरून बसल्या होत्या. मल्हारराव म्हणजे पन्नाशी उलटलेले सरकारी बाबू. बढतीसाठी टायपिंगची परीक्षा सक्तीची झाली म्हणून या वयात क्लासला आलेले. ‘च’ करंगळीने मारायचा असतो हे त्यांच्या करंगळीला तीन आठवड्यांत पटलं नव्हतं.

ग्वाल्हेरच्या नया बाजारात कापडाच्या दुकानाच्या माथ्यावर उषाताईंचा हा क्लास पस्तीस वर्षं चालू होता. आधी टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले. नवीन एवढंच, की प्रत्येक की-बोर्डावरच्या अक्षरांवर ताईंनी पांढरी चिकटपट्टी लावून टाकली होती. ज्याला बघून टाइप करायचं असेल त्याने सिनेमा बघावा, असं त्यांचं म्हणणं. सारा लश्कर भाग त्यांना ‘धुमाल मॅडम’ म्हणे. आडनावातला ‘ळ’ त्यांनी लग्न होऊन इथे आल्यापासून फारसा ऐकलाच नव्हता, पण राग मात्र दरवेळी नव्याने येई.

कागद होता कै. माधवराव चांदोरकर वकिलांच्या मृत्युपत्राची झेरॉक्स. वकीलसाहेब जाऊन तीन आठवडे झाले होते. पांडुरंगराव त्यांच्याकडे सव्वीस वर्षं स्वयंपाकाला. बिर्लानगरची मिल बंद पडली तेव्हा हातातला धोटा सुटून झारा आला, तो कायमचा. घराच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको मंदाताई राहत.

“काका नेहमी म्हणायचे, पांडुरंगा, खोल्यांची फिकर नको करू, मी लिहून ठेवलं आहे. आणि आता अंबरीशदादा म्हणतात, एक तारखेला खाली करा. कागदात तुमचं नावच नाही. मी तर थोडंसंच वाचतो, ताई. मंदाने वाचलं, ती रडायलाच लागली.”

एक तारखेला पाच दिवस उरले होते. उषाताईंनी चष्मा पुसला आणि वाचलं.

‘माझ्या मरणसमयी सेवेत असलेल्या माझ्या आचार्याला मागील अंगणातील दोन्ही खोल्या हयातभर राहण्यास द्याव्यात. त्यास कोणीही उठवू नये.’

“नाव कसं नाही घातलं वकीलसाहेबांनी?”

“ते असेच होते. म्हणायचे, माणूस बदलतो, काम बदलत नाही. ड्रायव्हरला ड्रायव्हर, माळ्याला माळी. मला आचारी. पण ताई, यात तर आचार्य आहे. आणि आचार्य म्हणजे आमचे राघवगुरुजी. काशीचे आचार्य आहेत, रोज पूजेला येतात. सगळे म्हणतात, खोल्या त्यांच्या.”

उषाताई मोठ्याने हसल्या. जिवावरचं संकट घेऊन आलेल्या माणसासमोर हसू नये हे त्यांना कळत होतं, पण हसू आलं ते आलंच.

“अहो पांडुरंगराव, हा तर की-बोर्डचा खेळ! आचारी, आचाऱ्याला. त्यात ‘य’च्या अलीकडे आडवा अर्धा र लागतो. तो हिंदीत नाही, संस्कृतात नाही, फक्त आपल्याकडे. इथल्या टायपिंगवाल्यांना तो काढताच येत नाही, मग देतात ‘य’च्या डोक्यावर रफार ठोकून. आचाऱ्याचा झाला आचार्य. मी लिहून देते, टायपिंगची चूक आहे म्हणून. निर्धास्त जा घरी.”

पांडुरंगरावांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा रंग आला. कागदाची घडी घालता घालता उषाताईंची नजर सहज खालच्या ओळींवर गेली.

‘पुढील पायऱ्या’. अर्धा र बरोबर. ‘दुसऱ्या मजल्यावरील’. बरोबर. ‘शेजाऱ्यांचा’, ‘साऱ्या’. दोन्ही बरोबर. मात्र शेवटच्या ओळीत ‘कायद्याच्या मऱ्यादेत राहून’ असं काहीतरी भलतंच होतं. मर्यादेला अर्धा र? कोण हा गाढव, असं त्या पुटपुटल्या, आणि मग कागद पुन्हा वरून वाचू लागल्या.

ज्याला पायऱ्या लिहिता येतात, त्याला आचाऱ्याला लिहिता येतं. मग की-बोर्डचा दोष कुठला?

“पांडुरंगराव,” त्या हळूच म्हणाल्या, “जरा बसा. मी घाईने बोलले.”

२. पाच लाल गोल

मृत्युपत्र टाइप झालं होतं दाल बाजारात, नीलमच्या दुकानात. एका बाजूला हरभऱ्याची पोती, दुसऱ्या बाजूला गुळाच्या भेल्या आणि मध्ये दीड खणात नीलम, तिचा कॉम्प्युटर आणि झेरॉक्स मशीन. मराठ्यांची मुलगी, पण मराठी दोन वाक्यं चाललं की तिसऱ्याला हिंदीच्या अंगणात.

“मॅडम, मी तर काहीच नाही केलं! मैंने तो जैसा लिखा था वैसा ही टाइप किया.” उषाताईंना बघताच ती उभी राहिली. काहीही न विचारता माणूस ‘मी काही केलं नाही’ म्हणतो, तेव्हा उषाताईंचे कान टवकारत.

“तुला कोणी काही म्हटलं का?”

“अंबरीशभैया आले होते ना परवा. म्हणाले, तू गलत टाइप केलं, आता कोणी विचारलं तर सांग चूक झाली. मी का सांगू? माझ्या दुकानाची इज्जत आहे की नाही?”

“मग चूक झाली नव्हती?”

“झाली होती,” नीलम ओशाळली. “पण एक नाही ना, पाच! माझ्या की-बोर्डात बोलतो तसं मारायचं असतं. इंग्रजीत आर-वाय-ए मारलं की र्य येतो. तो तुमचा मराठीवाला आडवा येतच नाही, बहुत कोशिश की. काकांनी प्रिंट बघितला आणि लाल पेनने पाच गोल केले. पाचव्या गोलावर तर इतके हसले! म्हणाले, नीलम, तू माझ्या स्वयंपाक्याला शास्त्री करून टाकलंस! मग म्हणाले, राहू दे, पेन ड्राइव्हमध्ये दे, घरी करून घेतो.”

“घरी कोणाकडून?”

“ते नाही सांगितलं. स्वतः तर करणार नाहीत. कॉम्प्युटरच्या त्या पेटीला मी हात लावत नाही, म्हणायचे.”

नीलमच्या मशीनवर तिची मूळ फाइल अजून होती. उषाताईंनी ती शेजारी ठेवून झेरॉक्सशी ओळ अन् ओळ ताडून पाहिली. पायर्या, दुसर्या, शेजार्यांचा, सार्या, आचार्याला. पाचही चुका जागच्या जागी. घरी चार सुधारल्या, एक राहिली.

वकीलसाहेब पांडुरंगरावांना विसरले नव्हते, एवढं तर कळलं. पण त्यात दम किती? अंबरीश म्हणेल, दुकानातल्या पोरीचं ऐकून मृत्युपत्र बदलतं का? आणि नजरचूक कोणाच्या हातून होत नाही? पाचातली एक राहून गेली, मग बाबांनी तशीच सही केली, तर तेच त्यांचं म्हणणं. नजरचुकीला ना शिक्षा ना उपाय.

मग एका ओळीवर उषाताईंचं बोट थांबलं. नीलमच्या फाइलमध्ये ‘कायद्याच्या मर्यादेत’ होतं. रफार, बरोबर, शुद्ध. म्हणजे सुधारणाऱ्याने चार चुका सुधारल्या आणि एक बरोबर शब्द बिघडवून ठेवला.

“नीलम,” त्या म्हणाल्या, “ही फाइल मला दे. आणि कोणी कितीही म्हटलं तरी पुसू नकोस.”

“मॅडम, कुछ गड़बड़ है क्या?”

“आहे. पण तुझी नाही.”

३. तीन माणसं, एक लॅपटॉप

चांदोरकरांच्या घरी उषाताई दुपारी चारला पोचल्या. सांत्वनाला गेलेल्या बाईला कोणी दारातून परत पाठवत नाही, हा हिशेब. पांडुरंगरावांनी चहा आणला. तीन आठवडे ज्या घरातून निघायच्या गोष्टी चालल्या होत्या, तिथे ते अजून कपबशा विसळत होते, हे पाहून ताईंना गलबलून आलं.

पहिले भेटले राघवगुरुजी. देवघरासमोर घरातला लॅपटॉप उघडून कोणाची तरी पत्रिका काढत बसलेले.

“लिहिलं ते लिहिलं,” ते म्हणाले. “माधवरावांची श्रद्धा होती आमच्यावर.”

“पण गुरुजी, तुमचं तर स्वतःचं तीन मजली घर आहे. या दोन खोल्यांचं करणार काय?”

गुरुजींनी पंचांगात बोट घातलं आणि तिथेच ठेवलं. “ते मी ठरवलेलं आहे. शब्द दिलेला आहे मी. कोणाला, ते विचारू नका.”

“मृत्युपत्रातल्या चुका तुम्ही सुधारल्यात का?”

“मी? मी तर संस्कृत आणि हिंदीचा माणूस. तो तुमचा आडवा रकार मला लिहिता येतो, मशीनवर नाही येत. संस्कृतात त्याला थाराच नाही.”

खरं असेल. खोटंही असेल. शब्द कोणाला दिला हे जो सांगत नाही, त्याच्या बाकीच्या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा?

दुसरी सीमंतिनी, अंबरीशची बायको. साताऱ्याची, शाळेत शिक्षिका. लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी ग्वाल्हेरच्या मराठीशी तिचं पटलं नव्हतं. उषाताई बसल्या न बसल्या तोच तिने पांडुरंगरावांना दुरुस्त केलं. “‘चहा करून दिला’ म्हणा, ‘चहा बनवून दिला’ नाही.”

“तुमचं आणि पांडुरंगरावांचं फारसं जमत नाही वाटतं?”

“भाजीत साखर घालत नाहीत, बाकी काही नाही.” ती फटकन म्हणाली. “आणि खरं सांगू? इथे आचारी काय अन् आचार्य काय, कोणाला फरक कळतो? कागद वाचून दाखवला तेव्हा मला एकटीला खटकलं. मी बोलले, तर हे म्हणाले, तू यात पडू नकोस.”

फरक कळणारी घरात एकटी तीच. आणि पांडुरंगरावांवर राग असलेलीही तीच. उषाताईंनी ते मनात टिपून ठेवलं. संशयाचं एक बरं असतं, त्याला पाहुणचार लागत नाही, येऊन बसतो तो बसतोच.

तिसरा अंबरीश. अडतीस वर्षांचा, हसरा, पाया पडला. “मॅडम, बात अशी आहे की मला तर मराठी टायपिंग येतच नाही. मोबाइलवर बोलतो, तो लिहितो. चुका बाबांनीच दुरुस्त केल्या असतील. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी लावून बसायचे. राहिली असेल एक. आता मी तरी काय करू? बाबांची सही आहे. बाबांचा शब्द मी कसा मोडू?”

“फाइल बघायला मिळेल?”

“क्यों नहीं!” त्याने तोच लॅपटॉप ओढला. आधी कोपऱ्यातली भाषांची यादी उघडून दाखवली. “बघा, मराठी, हिंदी काहीच नाही. फक्त इंग्रजी आहे. यात कोणी मराठी लिहिणार कसं?”

“वकीलसाहेबांनी मग कसं लिहिलं?”

त्याने यादी बंद केली. “तेव्हा असेल. मग अपडेट-बिपडेटमध्ये उडालं असेल.”

मग फाइल शोधायला त्याने शोधायच्या चौकटीत झरझर चार अक्षरं मारली. पडद्यावर उमटलं yeye. काहीच सापडलं नाही. “काय कटकट आहे,” म्हणत त्याने ते पुसलं आणि सावकाश, दोन बोटांनी baba लिहिलं. वडिलांच्या नावाचं फोल्डर उघडलं. फाइल होती, सहीच्या आदल्या दिवशीची. तीच चार बरोबर, एक चूक, आणि ती मऱ्यादा.

उषाताई निघाल्या तेव्हा पांडुरंगराव फाटकापर्यंत आले.

“ताई, एक विचारू? खोल्या जातील तर जातील. आम्ही बघू कुठेतरी. पण काकांनी मला खरंच नाही ना सोडलं? मन तिथेच अडकतं.”

“नाही सोडलं,” उषाताई म्हणाल्या. “पाचवा गोल तुमचाच होता. तो पुसला कोणी, तेवढं मला शोधायचंय.”

रस्त्यात बॅटरी रिक्षात बसल्यावर त्यांच्या डोक्यात ते चार अक्षरांचं खूळ घुमत राहिलं. ये-ये. कोणाला बोलवत होता हा?

४. मल्हाररावांचं मशीन बिघडतं

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासमध्ये मल्हारराव घामाघूम झालेले.

“मॅडम, मशीन खराब! पहिला धडा मारतोय, तर हे बघा काय येतंय.”

“मशीन खराब नसते, मल्हारराव. माणूस खराब असतो.” उषाताई पदर खोचत त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

पहिला धडा पस्तीस वर्षांत बदलला नव्हता. बाबा, मामा, काका. नवशिक्याला दोन बोटांत जमणारे घरचे शब्द. मल्हाररावांच्या पडद्यावर मात्र तीन ओळी होत्या.

yeye
cece
keke

“भाषा इंग्रजीवर राहिली आहे तुमची. बोटं मराठी मारतायत आणि मशीन इंग्रजी समजतंय. मराठीचा ‘ब’ जिथे असतो तिथेच इंग्रजीचा वाय असतो आणि काना जिथे...”

पुढचं वाक्य उषाताईंच्या तोंडातच राहिलं.

मल्हाररावांना वाटलं, आपली चूक फारच भयंकर असणार. मॅडम कपाटाकडे गेल्या आणि जुनी प्रवेशाची रजिस्टरं जमिनीवर काढू लागल्या. धुळीने त्यांना तीनदा शिंका आल्या. चौथ्या रजिस्टरात, वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातल्या तुकडीत, नाव सापडलं. खाली पालकाची वळणदार सही होती आणि शेऱ्याच्या जागी वकीलसाहेबांचं अक्षर. ‘मुलास मराठी शुद्ध लिहिता यावे, एवढीच इच्छा.’

हजारो पोरं येऊन गेली, चेहरे कोण लक्षात ठेवतो? पण ताईंना आतून फार वाईट वाटलं. ज्या बोटांनी पांडुरंगरावांचं घर उडवलं, त्या बोटांना कुठलं अक्षर कुठे असतं हे त्यांनीच शिकवलं होतं.

“मल्हारराव, आज सुट्टी. आणि तुमच्या चुकीबद्दल तुम्हाला माझ्यातर्फे पावशेर तिळगुळाची गजक.”

५. मऱ्यादा

संध्याकाळी पाच वाजता चांदोरकरांच्या बैठकीत सगळे जमले. राघवगुरुजी, सीमंतिनी, अंबरीश. दाराशी पांडुरंगराव आणि मंदाताई उभे होते. उषाताईंनी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. मंदाताई खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. उषाताईंनी आपल्या क्लासमधला पांढऱ्या पट्ट्यांचा एक की-बोर्ड पिशवीतून आणला होता, तो मांडीवर घेऊन त्या बसल्या.

“माझा सगळा संशय एका शब्दावरून सुरू झाला,” त्या म्हणाल्या. “आचार्यावरून नाही, मऱ्यादेवरून. नीलमच्या फाइलमध्ये मर्यादा बरोबर होती. घरी दुरुस्ती झाली आणि ती बिघडली. आता मला सांगा, हाताने एक एक शब्द सुधारणारा माणूस बरोबर शब्द कशाला बिघडवेल? ग्वाल्हेरचा असो नाही तर साताऱ्याचा, मऱ्यादा कोणी लिहीत नाही.”

“मी तर मेले असते लिहिण्याआधी,” सीमंतिनी म्हणाली.

“म्हणूनच तुम्ही सुटलात. लोकांचा चहा दुरुस्त करणारी बाई मऱ्यादा ठेवून फाइल बंद करणार नाही. हे काम माणसाचं नाही, मशीनचं आहे. मशीनला सांगता येतं, जिथे जिथे र्या दिसेल तिथे तिथे ऱ्या कर. एक बटण दाबायचं, सगळी फाइल एका दमात बदलते. पायऱ्या झाल्या, दुसऱ्या झाल्या, शेजाऱ्यांचा, साऱ्या झाल्या. मशीनला अक्कल नाही, म्हणून बिचारी मर्यादाही सापडली.”

गुरुजी पुढे सरकले. “मग आचार्याला?”

“त्यात र्या आहे की नाही, गुरुजी?”

गुरुजींनी ओठांतल्या ओठांत उच्चार करून पाहिला. “आहे.”

“मग तेही बदललंच. बदलल्याशिवाय राहणार नाही. नजरचूक माणसाची होते, मशीन काही वगळत नाही. म्हणजे बटण दाबलं त्या क्षणी फाइलमध्ये आचाऱ्याला असंच होतं, वकीलसाहेबांना हवं तसं. त्यानंतर कोणीतरी त्या एका शब्दावर गेलं आणि अर्धा र काढून परत रफार ठेवला. हे चुकून होत नाही. मऱ्यादा नजरेला पडली नाही, कारण त्या माणसाला दुसरा कुठला शब्द बघायचाच नव्हता.”

मंदाताईंनी नवऱ्याची बाही धरली.

“बाबांनीच विचार बदलला असेल,” अंबरीश म्हणाला. हसू अजून तोंडावर होतं, पण त्यातली हवा गेली होती. “त्यांना वाटलं असेल, गुरुजींना द्यावं.”

“त्या पेटीला हात न लावणारा माणूस? एका डोळ्यावर पट्टी असताना? आणि गुरुजींना द्यायचं तर नाव लिहिता येत होतं. गुरुजी, आता तरी सांगा. शब्द कोणाला दिलात?”

राघवगुरुजींचा चेहरा उतरला होता. “अंबरीशला. तो म्हणाला, नाव तुमचं लागलंय, पण घर विकायचं आहे, हक्क सोडल्याचं लिहून द्या. आमच्या घरात काय कमी आहे? मला वाटलं, यजमानाचं भलं होतंय, मोठेपणा घ्यावा. मी शब्द दिला.” ते थांबले. “मला काय ठाऊक, मी पांडुरंगाच्या डोक्यावरचं छप्पर लिहून देतोय ते.”

“पांडुरंगरावांनी हयातभर हक्क सोडला नसता. गुरुजी एका सहीत सोडणार होते. म्हणून तो हक्क गुरुजींकडे जायला हवा होता,” उषाताई म्हणाल्या.

“हे सगळं बोलायला ठीक आहे, मॅडम,” अंबरीशचा आवाज चढला. “पण मला मराठी टायपिंग येत नाही! कसं करणार मी? साबित करा!”

“ये-ये,” उषाताई म्हणाल्या.

“काय?”

“काल फाइल शोधताना तू काय टाइप केलंस ते. मी शेजारी बसले होते. घरच्या लॅपटॉपवरून मराठी तू काढून टाकलीस, पण बोटांतून कशी काढणार? वडिलांचं फोल्डर शोधायचं होतं. तू बाबा मारलंस, मराठीत, न बघता, आणि मराठी नसल्यामुळे पडद्यावर आलं ते ये-ये. ज्याला टायपिंग येत नाही त्याच्या हातून हे चार अक्षरांचं खूळ या क्रमाने कधी पडणार नाही. माझ्या क्लासचा पहिला धडा आहे तो. बाबा, मामा, काका.” त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढून उघडलं. “अंबरीश माधव चांदोरकर. वीस वर्षांपूर्वी. मी तुला विसरले, ही माझी चूक. तू मला विसरला नव्हतास, म्हणून तर इतक्या घाईने पाया पडलास.”

अंबरीशने रजिस्टरातल्या वडिलांच्या अक्षराकडे पाहिलं. शुद्ध लिहिता यावे, एवढीच इच्छा. बराच वेळ तो तेवढीच ओळ वाचत राहिला.

“बाबांनीच बोलावलं होतं मला,” तो शेवटी म्हणाला. आता हिंदीही नव्हती आणि हसूही. “म्हणाले, तू शिकला आहेस ना, मग ते लाल गोल नीट करून दे. मी एका बटणात सगळे केले. त्यांनी प्रिंटवर ते पाच शब्द तेवढे बघितले, म्हणाले शाबास. मग सही करायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा फाइल उघडली, आणि नव्या प्रिंटवर बाबांनी पुन्हा न वाचता सही केली. एकच अक्षर होतं, मॅडम. घर विकून पुण्याला जायचं होतं, आणि मध्ये ते एकच अक्षर होतं.”

सीमंतिनीने मान खाली घातली. पुण्याचा हट्ट कोणाचा होता, ते कोणी विचारलं नाही.

उषाताईंनी मांडीवरचा की-बोर्ड त्याच्यासमोर ठेवला आणि तार लॅपटॉपला जोडली. मराठी भाषा परत चढवायला दोन मिनिटं लागली. “लिही. वारस म्हणून तुझं निवेदन. मूळ शब्द काय होता, कोणी बदलला, खोल्या कोणाच्या.”

एकाही बटणावर अक्षर नव्हतं, फक्त पांढऱ्या पट्ट्या. अंबरीशची बोटं आधी अडखळली, मग चालायला लागली. उषाताई डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होत्या. त्या शब्दापाशी आल्यावर आवाज थांबला. मग डाव्या करंगळीने शिफ्ट दाबल्याचा आवाज आला आणि उजव्या तर्जनीने ‘र’ची जागा मारल्याचा. अगदी शिकवलं होतं तसं.

पांडुरंगराव उठून पडद्यापाशी गेले. “कुठला तो?”

उषाताईंनी बोट ठेवून दाखवला. पांडुरंगरावांनी चष्मा नसलेल्या डोळ्यांनी, जवळून, त्या आडव्या अर्ध्या रकाराकडे पाहिलं.

“एवढासाच?” ते म्हणाले. “मला वाटलं, मोठा असेल.” मग त्यांचे डोळे भरून आले, आणि पंच्याने तोंड पुसत ते मंदाताईंना म्हणाले, “बघ गं, काकांनी लिहिलं होतं. मी म्हटलं नव्हतं?”

अंबरीशला मान वर करवेना. पांडुरंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वीपर्यंत तो परगावाहून आला की त्याच्यासाठी वेगळी कमी तिखटाची आमटी करणारे हेच हात होते.

“सगळ्यांना चहा ठेवतो,” ते म्हणाले, आणि आत गेले.

“बनवतो की करतो?” उषाताईंनी सीमंतिनीकडे पाहत विचारलं.

“म्हणू दे त्यांना काय म्हणायचं ते,” सीमंतिनी म्हणाली, आणि उठून कपबशा काढायला त्यांच्या मागोमाग गेली.